सासुरवाडीचा पंच

कोळवणचा कैलास आठवडाभर कारखान्यात लेथ चालवतो आणि रविवारी पांढरी टोपी घालून पंच होतो. भाताची कापणी झाली की खाचरं मोकळी होतात, बांधाआड मैदान तयार होतं. बावीस यार्डांची खेळपट्टी कैलास स्वतः टेपनं मोजणार, दोन्ही टोकांना तीन-तीन स्टंप रोवणार, वर बेल्स ठेवणार आणि मग एकेक स्टंप हलवून बघणार. षटकाचे सहा चेंडू मोजायला त्याच्या उजव्या खिशात सहा चिंचोके असतात. चेंडू पडला की एक चिंचोका डाव्या खिशात जातो. त्याच्या निकालावर आजवर कुणी वाद घातला नाही, आणि ह्याची त्याला थोडी जास्तच घमेंड होती.

यंदा फायनलला घोटावडे आणि कासारसाई समोरासमोर आले. घोटावडे ही कैलासची सासुरवाडी. सलामीला येणारा वाल्मीक हा त्याच्या बायकोचा, साधनाचा, धाकटा भाऊ. चाळिशीला आलेला, गुडघे कुरकुरणारा, पण हात अजून सोन्यासारखा.

टॉसच्या वेळीच कासारसाईचा कप्तान भैरू हसत हसत बोलला, "पंच सासुरवाडीचा हाय. मेव्हण्याला कसा देतोय आउट!" आजूबाजूचे सगळे हसले. कैलासही हसला, पण ते बोलणं कुसळासारखं अंगात रुतून बसलं.

टेनिस बॉलवर आपल्याकडं पायचीत कुणी धरत नाही. ही मॅच मात्र लेदर बॉलची, पायांना पॅड, डोक्याला हेल्मेट. नियम साधा आहे. स्टंपवर जाणारा चेंडू पायानं अडला तर फलंदाज बाद. पण आधी बॅटला लागला असेल, तर नाही.

तिसऱ्या षटकात चेंडू आत वळला आणि वाल्मीकच्या पॅडवर आदळला. कासारसाईच्या अकराच्या अकरा जणांनी अपील केलं. पण पॅडच्या आधी कैलासनं बॅटचा बारीकसा टक् ऐकला होता. अगदी स्वच्छ. नाही म्हणून नुसती मान हलवायची होती. तेवढ्यात त्याला भैरूचं हसू आठवलं आणि बोट वर गेलं. खरा दिसावा म्हणून गडी खोटं बोलला.

वाल्मीकनं एकदा बॅटकडं पाहिलं, एकदा दाजींकडं, आणि मैदानाबाहेर चालू लागला. त्या षटकात सात चेंडू पडले. त्या चेंडूचा चिंचोका कैलासच्या मुठीतच राहिल्यानं तो चेंडू मोजायचा राहिला होता आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

कासारसाई जिंकली. भैरूनं येऊन हात मिळवला. "मानलं दादा, मेव्हण्यालाबी सोडलं न्हाई." आयुष्यात एवढी जिव्हारी लागणारी शाबासकी कैलासला मिळाली नव्हती.

चोराच्या मनात चांदणं. त्यानंतर साधना माहेरी निघाली की ह्याची नेमकी शिफ्ट निघायची. शेवटी शिमगा उलटल्यावर इंद्रायणीचं पोतं गाडीवर टाकून तो एकटाच घोटावड्याला गेला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं काम. तांदूळ हे नुसतं निमित्त. वाल्मीकनं पोतं उतरवून घेतलं, चहा आणला. दाराआड कायम टेकवलेली बॅट आज दिसत नव्हती.

"बॅट कुटं गेली रं?"

"पुतण्याला दिली. मी सोडलं खेळायचं."

"का?"

"त्या दिशी मला वाटलं, बॅटला लागला. हाताला कळलं व्हतं, दाजी. पर तुमी बोट वर केलं. तुमी काय खोटं देणार हाय व्हय? मग म्हणलं, आता आपलाच हात आपल्याला फसवाय लागलाय. वय झालं."

कैलासनं चहाचा कप खाली ठेवला. मूग गिळून बसला असता तर वाल्मीकनं जन्मभर त्याला देवमाणूस म्हटलं असतं. त्या देवमाणूसपणाची त्याला आता शिसारी आली.

"लागला व्हता," तो म्हणाला. "आवाज मी ऐकला व्हता, वाल्मीक. लोकं म्हणत्याल, सासुरवाडीला सांभाळतोय, म्हणून दिलं आउट."

वाल्मीकनं स्वतःचा उजवा तळवा उलटून पाहिला.

"मॅच गेली त्याचं काय न्हाई, दाजी," तो म्हणाला. "पर तुमच्यावर भरवसा ठिवून मी माझ्याच हाताला खोटं ठरवलं."