एसटी स्टँडावरचा तापमानाचा फळा

मी अमळनेरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. पृथ्वी तापतेय हे लोकांना सांगितलं पाहिजे, हे वेड मला लावलं ते माझ्या सरांनी. कॉलेजात त्यांनी मला भौतिकशास्त्र शिकवलं होतं आणि आता ते निवृत्त झाले होते. एक्क्याण्णव-ब्याण्णवचा सुमार असेल. रविवारी आम्ही दोघं एसटीनं गावोगाव जायचो. देवळासमोर नाहीतर मराठी शाळेच्या ओट्यावर तक्ते टांगायचे, कोळसा, धूर, कार्बन डायऑक्साइड समजावायचा. लोक सावलीपुरते बसत. एका म्हाताऱ्यानं आम्हाला स्पष्टच विचारलं होतं, ‘‘ऊन तर दरसाल पडस, बाई. तेन्हात सांगानं काय?’’

परतीच्या गाडीत सर मांडीवरचे तक्ते पुन्हापुन्हा गुंडाळत बसत.

मग त्यांनीच फळ्याची कल्पना काढली. शाळेच्या मैदानात झरोक्यांची पांढरी लाकडी पेटी उभी केली, आत तापमापक. संध्याकाळी पाच वाजता त्यातलं दिवसाचं सर्वांत जास्त तापमान वाचायचं आणि एसटी स्टँडावरच्या फळ्यावर लिहायचं. शेजारी त्या आठवड्याची जुन्या वर्षांची सरासरी, आणि खाली चार ओळी साध्या मराठीत. सर बजावायचे, ‘‘एका दिवसाचा आकडा म्हणजे काही नाही. वर्षानुवर्षांचे आकडे बोलतात. हे लोकांना कळलं की आपलं काम झालं.’’

महिनाभर फळ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. एक बाई त्याला टेकून केळी विकायची. आणि मग अचानक गर्दी व्हायला लागली. मी खडू घेऊन पोहोचायच्या आत वीस-पंचवीस माणसं उभी. मी आकडा लिहिला की कुणी आनंदानं ओरडे, कुणी कपाळाला हात लावी. मला रडूच यायचं बाकी होतं. घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं, लोक वाचायला लागले!

स्टँडावरच्या चहावाल्यानं माझा भ्रम उतरवला. ‘‘मॅडम, तुम्हाला खरंच माहीत नाही? पॉइंटनंतरच्या आकड्यावर सट्टा लागतो. मुंबईच्या मटक्याच्या आकड्यात गडबड असते म्हणे, तुमचा आकडा सच्चा.’’

मी दशांश लिहायचं बंद केलं, तर सट्टा एकम स्थानावर आला. फळा बंद करू म्हटलं तर सर ऐकेनात. ‘‘माणसं समोर उभी आहेत ना? मग आपण आधी बोलू आणि आकडा शेवटी लिहू.’’ तेव्हापासून सर रोज संध्याकाळी हातात खडू धरून पाच मिनिटं बोलू लागले. ध्रुवावरचा बर्फ, समुद्र, आपल्या विहिरी. गर्दी चुळबुळ करायची. मागून कुणीतरी ओरडायचं, ‘‘सर, आकडा!’’ सर आवाज चढवायचे. त्यांचा घसा बसला तरी थांबले नाहीत. ते पाहिलं की मला तिथून पळून जावंसं वाटे.

त्या गर्दीत एक हमाल असायचे. त्यांना सगळे नाना म्हणत. कापसाच्या जिनिंगमध्ये ते गाठी उचलायचे, उन्हाळ्यात जिन बंद की काम बंद. त्या मे महिन्यात ते दुपारपासूनच शाळेच्या तारेच्या कुंपणाशी येऊन उभे राहू लागले. पेटीत पारा कुठवर चढला याचा बाहेरून अंदाज येतो, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

मी पाणी नेऊन दिलं, व्हरांड्यात बसा म्हटलं.

‘‘आठेन दिखत नही, बाई.’’

‘‘नाना, तिथूनही काही दिसत नाही. घरी जा. ऊन लागेल.’’

‘‘आते घर जाईसन काय करू?’’ ते हसले आणि टॉवेल डोक्यावर ओढून घेतला.

आदल्याच दिवशी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, दुपारी उन्हात थांबू नका. त्यांना वाचता येत होतं ते आकड्यांपुरतं.

दोन दिवसांनी मी पेटीकडे गेले तर नाना कुंपणाच्या खांबाला टेकून खाली बसले होते. हाताला चटका बसेल इतका ताप, घामाचा थेंब नाही. बोलत होते, पण जिनमधल्या कुणाशी तरी. सरांना निरोप धाडला आणि रिक्षातून त्यांना दवाखान्यात नेलं. बर्फ लावला, सलाईन लावलं. दिवस मावळायच्या आत ते गेले.

निरोप मिळून सर आले होते, आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसलो होतो. दोन माणसं सायकलवरून आली. मला वाटलं नानांचे नातेवाईक.

‘‘मॅडम, आज फळा लिहिला नाही?’’

सर उठले, त्या दोघांसमोर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, ‘‘जा हो. कृपा करून जा.’’

पारा आपण झटकेपर्यंत त्या तापमापकात जिथं चढलेला असतो तिथंच राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी उघडली तेव्हा तो तसाच उभा होता. मी तो वाचला. का वाचला, कुणास ठाऊक.

तेराव्यानंतर मी नानांच्या घरी गेले. बायको उंबऱ्याशी बसली होती. ती म्हणाली, ‘‘बाई, त्या दिनले आकडा कोनता उना व्हता?’’

मी सांगितला.

तिनं मान हलवली. ‘‘त्यासना नव्हता तो.’’

मग मी बोलत सुटले. घाम थांबला की धोका, ओलं फडकं, मीठ-साखरेचं पाणी, पोरांना दुपारी बाहेर सोडू नका. तिनं सगळं ऐकून घेतलं. इतकं लक्ष देऊन आमचं बोलणं तोवर कुणी ऐकलं नव्हतं. मग तिनं विचारलं, ‘‘हाई ऊन आखो वाढी का?’’

‘‘हो. वाढेल.’’

‘‘मंग पोरेसले लईसन मी कोठे जाऊ?’’

आमच्या तक्त्यांवर कारखाने होते, मोटारी होत्या, दूरदूरचे देश होते. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या या बाईनं कुठं जायचं, ते कुठल्याच तक्त्यावर नव्हतं. मी तिचा हात धरला. तो तिनं थोडा वेळ माझ्या हातात राहू दिला आणि मग चूल पेटवायला उठली.

फळा आम्ही काढला. स्टँडावरच्या लोकांनी आठवड्याच्या आत आकडा काढायची दुसरी तऱ्हा शोधली, चहावाल्यानं सांगितली तरी मी नीट ऐकली नाही. सर त्यानंतर गावोगाव आले नाहीत. तक्ते माझ्याकडे पाठवले, सोबत चिठ्ठी नव्हती. मी एकटीच जात राहिले. कार्बनचं शेवटी, आधी उन्हाचं, असं सांगत राहिले. लोक सावलीपुरते बसत, आणि सावली सरकली की उठत.