शनिवारची हवा

हिवाळ्यात रविवारी उजाडायच्या आधी पेणच्या रामवाडीहून फोन यायचा. आमच्या क्लबातले दोघे पेणचे होते, आणि खाडी त्यांना जवळ, म्हणून हवेची खबर द्यायचं काम त्यांच्याकडे. पलीकडून एवढंच ऐकू यायचं, "पान हलत नाय, निघतो." नाहीतर, "वारा सुटलाय, झोपा." झोपा म्हटलं की माझा दिवस गेलाच. मग घरात कुणी गोड बोललं तरी मला राग यायचा. नवरा म्हणायचा, आमच्या लग्नाच्या मुहूर्ताचीसुद्धा हिने एवढी काळजी केली नव्हती.

क्लब म्हणजे फार मोठं काही समजू नका. रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडवणारे आम्ही सहा-सात जण, बहुतेक रोह्याच्या कंपन्यांमधले, त्यात मी एकटी बाई. मी कंपनीच्या लॅबमध्ये होते. वरसे गावाजवळ एका शेतकऱ्याचं भात कापून झालं की एक मोठं खाचर तो आमच्यासाठी मोकळं ठेवायचा. बाकी चहूबाजूंनी वाल पेरलेला. त्याची अट एकच होती. विमान वालात पडलं तर बांधाबांधाने जायचं, आणि एकट्यानेच जायचं. मी त्या बांधांवरून इतक्या वेळा गेले की एकदा त्याच्या बायकोने विचारलंच, "गो बाय, तू इमान उडवाया येतेस का वाल राखाया?"

शिकवायचे काका. ते कंपनीतून निवृत्त झालेले. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. रोह्यात त्यांच्या लोकांची दोन-चार घरं काय ती उरली होती, बाकीचे केव्हाच इस्रायलला गेलेले. काकांनी आयुष्यभर कंपनीतली मीटरं दुरुस्त केली आणि उरलेल्या वेळात विमानं. त्यांच्या हातातला रेडिओ आणि माझ्या हातातला रेडिओ एका वायरने जोडलेला असायचा. त्यांनी आपल्या रेडिओवरचं बटण अंगठ्याने दाबून धरलं की विमान माझं. अंगठा उचलला की त्यांचं.

माझी गाडी एकाच जागी अडायची. विमान आपल्यापासून लांब जात असतं तेव्हा सगळं सोपं असतं. ते वळून आपल्या तोंडावर आलं की डावं-उजवं उलटं होतं. पंख एका बाजूला कलला की मी घाबरून रेडिओवरची दांडी नेमकी उलट्या बाजूला ढकलायची आणि विमान आणखी कलायचं. काका म्हणायचे, "डावं-उजवं डोक्यातून काढून टाक. जो पंख पडतोय त्याच्या खाली दांडी घाल. मांडव कलला की टेकू देतो का नाय आपण? तसा टेकू दे." मला समजायचं सगळं. पण आयत्या वेळी हात ऐकायचे नाहीत, आणि आपण चुकलो हे माझ्या ध्यानात येईपर्यंत काकांचा अंगठा उठून विमान सरळही झालेलं असायचं. मला ते आवडायचं आणि मनातून चीडही यायची.

तिसऱ्या हिवाळ्यात कळलं की काका-काकूही मुलीकडे इस्रायलला चालले, कायमचे. शिमग्याच्या आधी. त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. काका जायच्या आधी, त्यांच्या देखत, एकदा तरी मला एकटीने विमान वर न्यायचं होतं आणि धड खाली आणायचं होतं. नंतर क्लबातल्या कुणीतरी शिकवलंच असतं. पण मला दुसऱ्या कुणाकडून शिकायचं नव्हतं.

आणि हवेने नेमका तेव्हाच डाव साधला. एका रविवारी कुंडलिका नदीवरचं धुकं उठेचना, आणि उठलं ते वाऱ्याला बरोबर घेऊनच. पुढच्या रविवारी रामवाडीहून झोपाच. त्याच्या पुढच्या रविवारी पेणकर वाटेतल्या खांब गावापर्यंत येऊन चहा पिऊन परत गेले, इतका वारा. शनिवारी मात्र अशी हवा पडायची की बघत राहावं. डोंगराच्या कडेला शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे, त्याचा धूर दोरी टांगल्यासारखा सरळ उभा. पण शनिवार काका पाळायचे. त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटायची नाही, ते स्कूटरला हात लावायचे नाहीत, मग रेडिओ कुठला! पेणकर त्यांना चिडवायचे, "काका, देवाला सांगा ना जरा, रविवार पाळतो म्हणून." काका म्हणायचे, "आमचा देव म्हंजे तुमची कंपनी नाय. तो ऑफ बदलून देत नाय."

त्यांना रविवारी दुपारी मुंबईला निघायचं होतं. आदल्या शुक्रवारी ऊन कलताना मी त्यांच्याकडे गेले. काकू पिशव्यांमध्ये कडवे वाल आणि कोकम भरत होत्या. मला तिथे उभं राहवेना. मी निघाले तसे काका दारापर्यंत आले आणि आभाळाकडे बघून म्हणाले, "उद्या सकाळी हवा चांगली पडेल. मी वरश्याकडे फिरायला येणार हाय." मी चप्पल घालता घालता थांबले. "विमान आणायचं का नाय, ते तुझं तू बघ."

सकाळी मी पोचले तेव्हा धुक्यात समोरचा बांधही दिसत नव्हता. विमान जुळवून बसून राहिले. त्याला रंग दिला होता पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यातल्या उरलेल्या रंगांनी. वरून गुलाबी आणि खालून पितांबराचा पिवळा, म्हणजे वर असताना पोट कुठलं आणि पाठ कुठली ते कळावं. ऊन आलं, धुकं विरलं, आणि काका बांधावरून चालत येताना दिसले. इस्त्रीचे पांढरे कपडे, डोक्याला टोपी, हात पाठीमागे बांधलेले.

मी सवयीने वायर पुढे केली.

"शनिवार हाय गो," ते म्हणाले. "मी हात लावणार नाय."

"मग शिकवणार कसं?"

"शिकवणं म्हंजे पण कामच. मी हवा खायला आलोय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वायर पिशवीत टाकली. इंजिन चालू केलं. इंधनातल्या जळक्या एरंडेलाचा तो वास आला. विमान धावलं, उठलं, वालाच्या वर गेलं. पहिल्या दोन फेऱ्या मी लांबलांबच घेतल्या. तिसऱ्या फेरीला उतरवण्यासाठी वळवलं आणि ते माझ्या तोंडावर आलं. पंख कलला, पिवळं पोट दिसू लागलं. मी वाट बघितली. खरंच सांगते, हातात वायर नाही हे माहीत असूनही विमान आपोआप सरळ होण्याची मी वाट बघितली. ते आणखी कललं. मी ओरडले, "काका!"



मग मी पडत्या पंखाखाली दांडी घातली. पंख उचलला गेला. पुन्हा कलला, पुन्हा टेकू दिला. विमान खाचरात टेकलं, दोनदा उसळलं आणि बांधाच्या अलीकडे थांबलं. कुठे काही मोडलं नव्हतं.

मी वळून बघितलं. काका माझ्या मागे नव्हतेच. बाजूला, अगदी जवळ उभे होते, माझ्याकडे तोंड करून.

"काका, बघितलंत ना? वळून येतानाचं बघितलंत?"

"विमान कुठं बघितलं मी? तुझे हात बघत होतो," ते म्हणाले. "मधी लय कापले. शेवटाला नाय कापले." एवढं बोलून ते आले तसे बांधावरून परत निघाले. ऊन चढायच्या आत त्यांना घर गाठायचं होतं.

रविवारी ते निघाले तेव्हा मी शनिवारच्या बदली ड्यूटीवर होते. पुढे एक-दोनदा त्यांचा फोन आला. आवाज लांबून यायचा आणि पैशांच्या धाकाने दोघंही भराभर बोलायचो. आता काका नाहीत. त्या खाचरावर बंगले झाले. थंडीत एखादी सकाळ निवांत पडली की मला अजून ते हवेसे वाटतात, अगदी रडू येईल इतके.

बंगले व्हायच्या आधी मी तिथे पुष्कळ वर्षं विमान उडवलं. चांगलं उडवायला लागले होते. रस्त्याने जाणारे लोक गाड्या थांबवून उभे राहायचे, उतरलं की टाळ्या वाजवायचे. विमान वर असताना मी हळूच बाजूला बघायची. सगळे वर बघत असायचे.