वरातीच्या दिवशीचं पाणी

नथुमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारडोलीला एका आजारी म्हशीजवळ उभा होतो. रडू नंतर आलं, आधी रागच आला. माणसाने किती हट्टी असावं! महिना होऊन गेला, तरी तो राग उतरलेला नाही.

मामा धुळ्याहून पांडेसऱ्यात आला तो कापड रंगवायच्या कारखान्यात, पण जीव रमला वरातीच्या घोडीत. मी गुरांचा डॉक्टर झालो तेव्हा वाटलं, निदान घरातला माणूस तरी ऐकेल. कसलं काय! घोडी लंगडली की तापल्या सळईचा डाग, पोट दुखलं की तेल-गूळ. धनुर्वाताची सुई टोचू द्यावी म्हणून मी चार वर्षं त्याच्या विनवण्या केल्या. त्यात वरातीच्या दिवशी दुपारपासून घोडीचं पाणी बंद. का, तर नवरदेव बसलेला असताना ती रस्त्यात मुतली की लोक अपशकुन म्हणतात. उन्हात तहानलेली ठेवलीस तर आतडं अडेल, हे मी घसा फोडून सांगायचो. तुझ्या पुस्तकातल्या घोड्या वरातीला जातात का, असं तो वर मलाच विचारायचा.

एका मे महिन्यात त्याची घोडी राणी वरातीहून परतली ती पोटशूळ घेऊनच. दुसऱ्या दुपारी गेली. मामा तिच्या मानेवर हात ठेवून बसून राहिला.

नंतर घेतलेल्या चांदणीचं मात्र सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे. लस वेळेवर, डाग बंद, निघताना बादलीभर पाणी आणि अर्ध्या वाटेत डीजे थांबवून पुन्हा पाणी. वऱ्हाडी चिडायचे, हा ढिम्म. मी खूश! मला कुठे ठाऊक, वरातीच्या दिवशी हा स्वतः दुपारपासून पाण्याचा थेंब घेत नव्हता. आधीच मूतखडे, त्यात हे. मूत्रपिंडं गेल्यावर दवाखान्यात कळलं. मी त्याच्यावर ओरडलो. तो एवढंच म्हणाला, "तिले एकली सोडीसन मी कोठे जाऊ?" फटाक्यांत घोडीला सोडून लघवीला जायला नको, म्हणून पाणीच प्यायचं नाही! अशा माणसापुढे काय डोकं आपटायचं?

आता चांदणीला त्याची मुलगी संगीता नेते. परवा कोसाडहून तिचा फोन आला. वरात अर्ध्यावर आली आणि घोडी थांबली, पाय उचलेना. नवरदेवाचे वडील तापलेले. "दादा, आजारी आहे का रे ही?" पाणी कधी पाजलंस, मी विचारलं. निघताना, ती म्हणाली.

"मग आता परत पाज," मी म्हणालो. "आणि आधी तू पी."