आपोआप लागणारं लॉक

आमच्या व्हॅनचं सेंट्रल लॉक बिघडलं तेव्हा मला राग आला आणि आईला भीती वाटली. बहिणीला काय वाटलं, ते तिला कुणी विचारलंच नाही.

गाडी जुनी होती. कंपनीनं दिली तेव्हा तिच्यात हे लॉक नव्हतं, मी ते नंतर अमरावतीत एका दुकानातून बसवून घेतलं होतं. ड्रायव्हरच्या दाराला किल्ली फिरवली की बाकीची दारं एका दमात लागायची, खट्. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि असल्या खटक्यांचं मला फार कौतुक. मग वैशाखात एका सकाळी वलगावच्या घरासमोर गाडी उभी असताना, आसपास कुणी नसताना आणि किल्ली माझ्या खिशात असताना दारं खट् करून लागली. थोड्या वेळानं उघडली. परत लागली. ओट्यावर आई डाळ निवडत बसली होती, तिचा हात सुपातच थांबला.

"कोन हाय गाडीत?"

"कोनी नाही. वायर शॉर्ट झाली असंल."

"मंग थे काहून लागते?"

मी बाहेर जाऊन बोनेटवर एक थाप मारली, जणू गाडीलाच अक्कल शिकवायची होती.

एरवी आईनं दुर्लक्ष केलं असतं. पण याच गाडीतून अकोल्याहून बहिणीला माहेरी आणायचं होतं. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. त्यानंतर बराच काळ ती कुणाशी धड बोलली नव्हती. आता पुन्हा दिवस गेले होते आणि सातवा महिना सरत आला होता. सातव्यात माहेरी आणायचं, आठवा लागला की बाईनं वेस ओलांडायची नाही, हे आमच्याकडे ठरलेलं. म्हणजे आणायचं तर याच आठवड्यात. जावई पुण्याला नोकरीला, त्यांना सुट्टी नव्हती. मी भाड्याची गाडी करू म्हणालो, तर आईनं सूप बाजूला ठेवलं.

"भाड्याच्या गाडीत कोनाकोनाले नेते, मयतीलेबी नेते. त्यात माही पोर नाही बसायची."

असल्या बोलण्यानं माझ्या डोक्यात तिडीक जाते. पण आईशी वाद घालण्यापेक्षा वायरशी झगडणं सोपं होतं.

आधी रिमोटचा सेल बदलला. फरक पडला नाही. दारांच्या कुलपांत तेलाचा फवारा मारला. लॉक तेवढं बिनआवाजी झालं, म्हणजे आता ते केव्हा लागलं हेही कळेना, आणि ते जास्तच वाईट वाटायला लागलं. मग मी फ्यूज काढून टाकला. त्याबरोबर मागचं सरकतं दार लॉक झालं ते तसंच आवळून बसलं, बाहेरूनही उघडेना आणि आतूनही उघडेना. निमूटपणे फ्यूज परत बसवला.

शेवटी अमरावतीला मेकॅनिककडे नेली. त्यानं दाराचं आतलं कव्हर काढलं आणि मला दाखवलं. सरकत्या दारातली लॉकची मोटर अर्धवट अडकत होती. ती अडकली की लॉक चालवणाऱ्या डब्याला वाटायचं दार उघडं आहे, मग तो सगळ्या मोटरांना पुन्हा पुन्हा धक्का देत राहायचा. नवी मोटर नागपूरहून मागवावी लागणार होती आणि गाडी ठेवून जावी लागणार होती.

"ठेवता नाही येत," मी म्हणालो.

"मंग येक करा. किल्ली आत असली का येक तरी दार उघडं ठेवत जा. हे भरोशाचं राह्यलं नाही."

घरी येऊन मी आईला मोटरचं सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि गाडीवरून मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली.

अकोल्याला आम्ही सकाळी पोहोचलो तरी ऊन टोचायला लागलं होतं. बहिणीच्या सासूबाईंनी तिची ओटी भरली. बहीण पायरी उतरली आणि गाडीत मागच्या सीटवर बसली. सासूबाई म्हणाल्या, "आता निघालीस तं मांगं वयून पाहू नको." मी सरकतं दार लावलं, आणि कुणी हात न लावता सगळी दारं लागली, उघडली, पुन्हा लागली. दारात जमलेल्या शेजारणी दोन पावलं मागे सरकल्या. सासूबाईंनी आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली.

"मोटर खराब आहे," मी जरा मोठ्यानंच म्हणालो. त्यांच्यापैकी कुणीही मला विचारलं नव्हतं.

"चाल दादा," बहीण आतून म्हणाली.

रस्त्यानं गरम लू सुटली होती, काचा बंद होत्या आणि एसी कसाबसा चालत होता. मधूनच दारं कुरकुरायची. प्रत्येक वेळी आई आरशातून मागे बघायची. मूर्तिजापूर मागे पडल्यावर बहीण म्हणाली, कसंतरी होते, थंड पाणी पाहिजे. आमच्याजवळचं पाणी गरम झालं होतं. पुढे रस्त्याच्या कडेला एक पाणपोई दिसली, वर तट्ट्याचं छप्पर, खाली ओले फडके गुंडाळलेले रांजण, आणि माणूस कुणीच नाही. गाडी थांबवली. एसीसाठी इंजिन चालू ठेवलं. मेकॅनिकचं बोलणं लक्षात होतं म्हणून माझं दार सताड उघडं ठेवलं. आईसुद्धा पाय मोकळे करायला उतरली आणि तिनं तिचं दार सवयीनं लावून घेतलं.

मी रांजणातून तांब्या भरत होतो तेव्हा एक लांबलचक ट्रक गाडीला अगदी लागून गेला. त्याच्या वाऱ्यानं माझं दार आपटलं. आणि मग तो आवाज आला, खट्.

मी तांब्या तसाच टाकून धावलो. चारी दारं लागलेली. दुसरी किल्ली वलगावला. बहिणीनं आतून सरकत्या दाराचा दांडा ओढला, तो नुसताच सैल हलला. पोटामुळे तिला पुढच्या सीटवर येता येत नव्हतं. तिच्या खिडकीच्या सरकत्या काचेची खिट्टी उन्हानं आवळून बसली होती, तिनं बोटानं दाबून पाहिली, मग अंगठ्यानं. तोपर्यंत मी घाबरलो नव्हतो, कारण एसी चालू होता. मग इंजिन दोनदा आचके देऊन बंद पडलं.

आमच्याकडच्या वैशाखात बंद गाडीत काय होतं, ते मी कुणाला सांगायला नको. मी काचेला तोंड लावून ओरडलो, "पुढच्या दाराची खुंटी वर कर." ती दोन सीटांच्या मधून वाकली, हात ताणला आणि आईच्या बाजूच्या लॉकची खुंटी वर ओढली. मी बाहेरून त्याच क्षणी हँडल ओढलं. पण त्याआधीच मोटरनं खुंटी खाली नेली. पुन्हा ओढली, पुन्हा खट्. तिची बोटं वर, मोटर खाली. ती मोटर आहे हे मला पक्कं माहीत होतं, मी ती डोळ्यांनी पाहिली होती. तरी त्या वेळी मला वाटलं की आत दुसरं कुणीतरी बसलं आहे आणि त्याला माझी बहीण बाहेर येऊ द्यायची नाही.

"दादा, हे नाही राहत वर." तिचा आवाज काचेमागून बारीक आला. "मले गरगरते." ती मागे सीटवर कोसळल्यासारखी बसली.

मी रस्त्याकडेचा दगड उचलला. आईनं दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं.

"काच नको फोडू, बाबू. पोरीले माहेरी नेऊन राह्यलो, काच फोडते का कोनी? मांगं काय झालं थे विसरला का तू?"

"आई, सोड."

"दुसरं काहीबी कर. तुह्या पाया पडतो, काच नको."

तिच्या हातांत इतका जोर कुठून आला होता कोण जाणे. मी हिसका दिला तरी ती सोडेना. आम्ही मायलेक भर उन्हात दगडासाठी झटापट करत होतो आणि आत बहीण आम्हाला बघत होती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. मग तिनं नजर काढून घेतली, मांडीवरची ओटी सोडली, तांदूळ खाली सांडू दिले आणि नारळ हातात घेतला.

गरोदर बाईनं नारळ फोडायचा नाही. आमच्याकडे कुठल्याच बाईनं फोडायचा नाही, आणि पोटुशीनं तर फुटताना पाहायचाही नाही. त्यातून हा ओटीचा. आईनं ते पाहिलं आणि माझं मनगट सोडून काचेवर हात आपटले, "नाही, नाही." बहिणीनं नारळ दोन्ही हातांनी वर नेला आणि खिट्टीवर मारला. पुन्हा मारला. तिसऱ्या घावाला खिट्टी तुटली आणि नारळही तडकला. पाणी तिच्या हातांवरून पोटावर सांडलं.

काच सरकली. मी खांद्यापर्यंत हात आत घातला आणि पुढची खुंटी वर ओढून धरून ठेवली. चिमटीत ती मोटर ओढ घेत असलेली जाणवत होती. आईला म्हणालो, ओढ. आईनं हँडल ओढलं आणि दार उघडलं.

किल्ली काढून सरकतं दार बाहेरून उघडलं, बहिणीच्या डोक्यावर पाणी ओतलं, तोंडाला लावलं. ती थोडं प्यायली. मग पोटावर हात ठेवून बराच वेळ तशीच बसली.

"दादा, बाळ हालून नाही राह्यलं."

तिथून अमरावतीपर्यंत मी गाडी कशी चालवली ते मला नीट आठवत नाही. इंजिन कसंबसं सुरू झालं. उघड्या खिडकीतून लू येत होती. दारं सगळ्या रस्त्यानं लागत आणि उघडत राहिली, आता कुणी तिकडे बघतसुद्धा नव्हतं. आई मागे बहिणीजवळ बसली होती. एका हातात लेकीचा हात, दुसऱ्या हातात तो तडकलेला नारळ, आणि ती त्याची चीर पुन्हा पुन्हा अंगठ्यानं दाबत होती. ती मिटेल असं तिला वाटत असावं. बडनेऱ्याच्या पुलावर गर्दी लागली तेव्हा मला रडू आलं, आणि मी ते हॉर्न वाजवून दाबलं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बहिणीला लगेच टेबलावर घेतलं. पोटावर जेल लावून ठोके ऐकायचं छोटं यंत्र फिरवायला सुरुवात केली. नुसती खरखर. त्यांनी यंत्र खाली नेलं, बाजूला नेलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. आईचे ओठ हलत होते. बहीण छताकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ती हा आवाज न ऐकताच एकदा घरी गेलेली बाई होती.

मग खरखरीतून ठोके आले. जोरात, घाईघाईत.

"हं, आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चांगले आहेत ठोके. आजची रात्र इथंच ठेवू." आणि त्या सलाइनचं सांगायला बाहेर गेल्या.

आई मटकन स्टुलावर बसली. डोळे पुसून झाल्याबरोबर तिनं ठरवायला सुरुवात केली. महाराजांना विचारू, नारळाची शांत करून घेऊ, देवीची ओटी भरू, हे असं अंगावर ठेवायचं नाही, एवढं मोठं मोडलं आपल्या हातून. मीसुद्धा मान हलवली. त्या वेळी तिनं काहीही सांगितलं असतं तरी मी केलं असतं.

"आई," बहीण म्हणाली. तिनं अजून छतावरून नजर काढली नव्हती. "मांगच्या वेळी म्या येकबी गोष्ट मोडली नव्हती."

आईनं पदराचं टोक हातात घेतलं आणि ती लेकीच्या पोटावरचं जेल पुसू लागली.