मुरूम लागला

माझी शेवटची पोस्टिंग घरापासून सायकलच्या अंतरावर होती. इंजिनिअर तुकडीचा सुभेदार म्हणून मी नगरला आलो, तेव्हा घर केडगावला होते. काम साधे होते: जवानांसाठी दुमजली बराक.

जमीन काळी होती. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची भिंत सोबत नेते. म्हणून पाया तिच्याखालच्या मुरमापर्यंत न्यायचा असतो. मुरूम किती खोल आहे, हे मात्र वरून दिसत नाही. बोअरचे नमुने एकमेकांशी जुळत नव्हते. कॅप्टनसाहेबांनी आदेश दिला, "प्रत्येक कोपऱ्यात खड्डा घ्या. जमीन बघितल्याशिवाय मी डिझाईन करणार नाही."

आमच्याकडे पाया खोदताना मुरूम दिसला की खड्ड्यातला माणूस ओरडतो. काम थांबते, गूळ वाटतात. त्यानंतर कोणी खाली खोदत नाही. मिळाले त्यावर समाधान मानायचे.

तीन कोपऱ्यांत मुरूम दीड पुरुष खोलीवर लागला. चौथ्या खड्ड्यात नाईक बबन गर्जे होता. पाथर्डीकडचा, ऊसतोडीच्या घरातला. तो छातीइतक्या खोलीवरूनच ओरडला.

"साहेब, मुरूम लागला! गूळ काढा."

"इतक्या वर?"

"लई वर. तुमच्या केडगावकडचं नशीब हाय, आमच्या गावाला असलं न्हाई मिळत."

वरचे सगळे हसले. गूळ आला. बबनने वर हात करून खडा घेतला आणि तोंडात टाकला.

कॅप्टनसाहेब कडेला येऊन उभे राहिले. "बाकीच्या तिन्हींत खोल आणि इथेच वर कसा? पहार मारून बघ."

"साहेब, गूळ खाल्ल्यावर?"

"मार."

बबनने पहार उचलली. चांगल्या मुरमावर पहार खणकते. ही खणकली नाही. ती मुठीपर्यंत आत गेली. बबनने वर पाहिले. त्याला काहीतरी म्हणायचे होते, असे मला वाटते. मग तळ गेला.

बाजू ढासळू नयेत म्हणून आम्ही फळ्या लावल्या होत्या. तळ जाईल, याची तयारी आमच्यापैकी कोणाचीच नव्हती.

मी वायरलेस घेतला.

"कंट्रोल, बराक साइट. माणूस खाली गेलाय. ॲम्ब्युलन्स आणि क्रेन. ओव्हर."

"नाव? ओव्हर."

"नाईक बबन गर्जे. ओव्हर."

"रॉजर."

खाली जुनी विहीर होती. ही जमीन लष्कराकडे येण्यापूर्वी कोणीतरी ती दगड आणि कचरा टाकून बुजवली होती. वर मुरूम पसरून चोपला होता; खालचा कचरा कुजून आत पोकळी झाली होती. कोणत्याही नकाशात ती नव्हती. बबनला वर काढले तेव्हा ऊन उतरले होते. डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनसाहेब ड्रॉइंगसमोर बसले. त्यांनी त्या कोपऱ्यातला खांब काढला, दोन खांब बाजूच्या पक्क्या जमिनीवर घेतले आणि विहिरीवरून बीम नेली. आकडे ते मोठ्याने वाचत होते, मी तपासत होतो.

बबनने पहार मारली नसती, तर त्या कोपऱ्यावर खांब उभा राहिला असता. बराक पूर्ण झाली. तिला अजून तडा नाही. तिथे जवान झोपतात.

मी निवृत्त झालो. बबन गेल्यावर त्याची पत्नी सुमन नगरलाच राहिली होती; यंदा तिने केडगावात घर बांधायला घेतले. पाया खोदताना मला बोलावले. मी खुर्चीवर बसून होतो. गवंडी खड्ड्यातून ओरडला, "ताई, मुरूम लागला! गूळ काढा आता."

सुमन गुळाची वाटी घेऊन आली. तिने ती कोणालाच दिली नाही.

"दादा, पहार मारून बघितली का?"

"आवो ताई, गूळ आल्यावर कुनी मारतं व्हय?" गवंडी म्हणाला.

"आमच्यात मारतात," ती म्हणाली.

मी खाली उतरलो. चारही कोपऱ्यांत आणि मधोमध पहार मारली. प्रत्येक वेळी खणकली. वर पाहून मी मान हलवली.

सुमनने गुळाचा पहिला खडा खड्ड्यात टाकला. मग गवंड्याला दिला, मग मला.