माझं नाक आणि महुआचे लाडू

आमच्या घरात माझ्या नाकाला फार मान होता. सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघंच राहायचो. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायचे आणि आई बाबांवर लक्ष ठेवायची. दोघांनाही सुट्टी कमी. बाबांनी दारू सोडली तेव्हा मी आठवीत होते आणि आईने आपलं निम्मं काम माझ्याकडे दिलं. बाबा बाहेरून आले की उंबरठ्यावर थांबायचे, वाकायचे आणि माझ्या नाकासमोर तोंड उघडून "हा" करायचे. मी आतल्या आईला ओरडून सांगायचे, "नाही!" मग त्यांना चहा मिळायचा.

प्लांटच्या गेटवरही कधीमधी दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायला लावत. बाबा हसून म्हणायचे, "तिथं मशीन हाय, इथं माही पोरगी हाय. मशीन तरी कवाकवा बंद पडते." मी अभिमानाने फुगून जायचे. हे बोलताना त्यांना काय वाटत असेल, असा विचार माझ्या डोक्यात कधी आला नाही.

दर रविवारी ते एका शाळेच्या वर्गात, दारू सोडलेल्या माणसांच्या बैठकीला जात. तिथले एक म्हातारे गृहस्थ एकदा घरी आले. आईला म्हणाले, "बहनजी, ये बीमारी है. आप भी मीटिंग में आइए. और घर को थाना मत बनाइए." आईने त्यांना चहा-बिस्किटं दिली आणि ते गेल्यावर फणकारली, "पेले हे, अन् मीटिंगले मी जाऊ? मंडळातल्या बायांनी पायलं तं?" मराठी मंडळाच्या गणपतीत बाबा एकदा आरतीच्या तबकासकट आडवे झाले होते. तेव्हापासून त्या बायका आईशी इतकं गोड बोलत की तिला रात्रभर झोप येत नसे. तिने बाबांना बजावलं होतं: एकदा जरी वास आला तरी पोरीला घेऊन दुर्गला भावाकडे निघून जाईन. मामा रेल्वेत होते, त्यांनी एक खोली रिकामी करून ठेवली होती. बाबांना हे पक्कं ठाऊक होतं आणि ते खरंच घाबरून होते.

चार महिने माझं उत्तर "नाही" असंच होतं. खरं सांगायचं तर मला त्याचा कंटाळा आला होता.

उन्हाळा लागला होता. बाबांच्या हाताखालच्या एका माणसाच्या घरी, जवळच्या अहिवारा गावात, बाळाची छट्ठी, म्हणजे सहाव्या दिवसाचं जेवण होतं. बाबा सुट्टी घेऊन गेले आणि दिवेलागणीला परत आले. आई दारात शेजारच्या दोन बायकांशी बोलत होती. त्यांना पाहून बाबा उंबरठ्याबाहेरच घुटमळले. त्या दिवशी आईनेही सोडलं असतं, चारचौघींत कोण विचारतं? मीच पुढे झाले आणि म्हटलं, "हा करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाकून हा केलं. आंबूस, गोड, जड वास आला.

"आहे!" मी ठणकावून सांगितलं.

बायका पदर सावरत पसार झाल्या. आई आत गेली आणि कपाटातून कपडे ओढू लागली. बाबा थैली दारातच टाकून तिच्यामागे धावले. मी थैली उघडली. आत स्टीलचा एक छोटा डबा होता, डब्यात तीळ घालून केलेले काळपट चिकट लाडू. भाजलेल्या महुआचे, ज्यांची दारू गाळतात त्याच मोहफुलांचे. डब्यातून तोच वास येत होता.

मला कळलं. तिथल्या तिथे कळलं, हे मी लपवणार नाही. आईपर्यंत दहा पावलं होती. पण मी त्या बायकांसमोर ठणकावून सांगितलं होतं, आणि माझं नाक चुकलं हे कबूल करणं मला बाबांचं घर मोडण्यापेक्षा जड वाटलं. आईने आतून दप्तर भरायला सांगितलं. मी डबा दप्तरात टाकला.

"मी पेलो नाई वो! महुआचे लाडू खाल्ले छट्ठीत. तुमच्यासाठीबी देल्ले त्याईनं, थांब, दाखवतो तुले!" बाबा धावत बाहेर आले आणि थैली उलटी केली. टॉवेल पडला, चष्म्याचं घर पडलं, बसचं तिकीट पडलं. त्यांनी थैलीत हात घालून कोपरे चाचपले.

"बहाणाबी धड शोधता येत नाई," आई म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. दप्तर माझ्या पाठीवर होतं.

लाडू मी मामाच्या गच्चीवर एकटीने खाल्ले. बाबांनी दुसऱ्याच दिवशी पिणं सुरू केलं. आठवड्याने आम्ही उरलेले कपडे आणायला गेलो, तेव्हा ते भर दुपारी जमिनीवर झोपले होते. मी तो डबा घासूनपुसून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिला. आई पुढे परतली, पण बाबा रविवारच्या बैठकीला पुन्हा कधी गेले नाहीत. "माह्या पोरीनं पकडलं," हे आई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची आणि मी ऐकून घ्यायचे.

त्यांचं लिव्हर गेलं तेव्हा मी सिविक सेंटरच्या एका बँकेत नोकरीला होते. संध्याकाळी डबा घेऊन दवाखान्यात जायचे. एकदा उशी सारखी करायला वाकले, तर त्यांनी सवयीने तोंड उघडून हा केलं. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

"वास येते का?"

"नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. मी डब्याचं झाकण लावत होते.

"लाडू गोड होते का?"

मी झाकण बाजूला ठेवलं. "हो," मी म्हटलं.

"तुह्यासाठीच आणले होते," ते म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.