देवीला सोडलेल्या कोंबड्या

लातूरच्या आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर मरीआईचा ओटा आहे. पोरांचा मेडिकलला नंबर लागला की लोक नवसाची कोंबडी तिथं जिवंत सोडतात. कापायची नाही, परत घरी न्यायची नाही. मग त्याच कोंबड्या बागा उकरतात, गाड्या घाण करतात आणि कॉलनी बोंबलत सुटते.

एक म्हातारी रोज सकाळी पदरात ज्वारी घेऊन यायची. मूठ आधी कपाळाला लावायची, मग उघडायची. नवस फेडणारे मी पुष्कळ पाहिले. सोडलेल्या जिवाला दाणे घालणारी ही एकटीच.

एकदा समोरचे प्राध्यापक तिच्यावर धावून आले. "आजी, तुमच्यामुळं माजल्यात ह्या. घेऊन जा तुमच्या कोंबड्या."

म्हातारी जागची हलली नाही. "सर, ती तांबडी तुम्हीच सोडलेली हाय. पोरीचा नंबर लागला तवा ती देवीची व्हती. आता बाग उकरली की माझी झाली व्हय?"

सर फाटकाला कडी लावून आत गेले. म्हातारीनं त्या दिवशी ज्वारी ओट्यावर टाकलीच नाही. फाटकावरून हात घालून सगळी त्यांच्या बागेत फेकली.

फाटकावरून पहिली उडाली ती तांबडीच.